सात मिलिमीटरची पिल्लं

गप्पी मासोळीच्या पोटावर, शेपटीच्या जरा अलीकडे, एक काळसर डाग असतो. तिच्या पोटात पिल्लं वाढायला लागली की हा डाग मोठा आणि गडद होत जातो. जन्माची वेळ जवळ आली की तिचं पोट खाली उतरतं आणि बाजूने बघितलं तर चौकोनी दिसायला लागतं. अशा वेळी टाकीच्या काचेजवळ तोंड नेऊन, खिडकीतून येणाऱ्या साध्या उजेडात, अगदी शांतपणे बघा. मासोळी फिक्या रंगाची असेल तर त्या डागात बारीक काळे ठिपके दिसतील, जोडीजोडीने. ते काय असतात, सांगू? डोळे! अजून जन्माला न आलेल्या पिल्लांचे डोळे.

काय म्हणता? मासे अंडी घालतात, पिल्लं नाही? बरोबर आहे तुमचं. बहुतेक मासे अंडीच घालतात. कोकणातल्या घरांत माशाची गाभोळी खातात, तीही अंडीच. पण गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या मासोळ्या अंडी बाहेर टाकत नाहीत. ती पोटातच ठेवतात. तिथेच त्यांत पिल्लू तयार होतं, तिथेच अंडं फुटतं आणि साधारण तीन ते चार आठवड्यांनी सगळी पिल्लं एकामागून एक बाहेर येतात. पहिल्यांदाच आई होणारी छोटी मासोळी पाच-दहाच पिल्लं देते. मोठी मासोळी असेल तर तीस-चाळीस, कधी त्याहूनही जास्त.

जन्माचा क्षण बघायला मिळाला तर डोळ्यांची पापणीही लवू देऊ नका! पिल्लू बाहेर येतं ते शेपटी डोक्याजवळ दुमडून, अंगाचं मुटकुळं करून. थोडंसं खाली जातं, मग झटकन अंग सरळ करतं आणि सुसाट एखाद्या पानामागे पळतं. त्याची लांबी असते जेमतेम सहा-सात मिलिमीटर. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी काढा आणि सात मिलिमीटर म्हणजे किती ते आत्ताच बघा. बघितलंत? एवढ्याशा अंगात डोळे आहेत, कल्ले आहेत, पर आहेत, धडधडणारं हृदय आहे. आणि पोहायचं कसं, लपायचं कसं, खायचं कसं हे कुणीही न शिकवता त्याला येतं.

ते यावंच लागतं. कारण त्याच्या सगळ्यात जवळ जो मोठा मासा असतो, तो त्याला खाऊ शकतो. आणि तो मासा म्हणजे त्याची स्वतःची आई!

हे ऐकून तुम्हाला वाईट वाटलं असेल. पण गप्पीच्या आईवर रागावू नका. "हे माझं बाळ" अशी ओळख तिला नसतेच. तिला एवढंच कळतं की समोर काहीतरी छोटंसं हललं आणि ते तोंडात मावतंय. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्या. ओढ्यात राहणारी गप्पी पिल्लं देऊन पुढे निघून जाते, आणि पिल्लं काठाकडच्या उथळ, गवताळ पाण्यात शिरतात. तिथे ती तिला पुन्हा भेटायची शक्यता फार कमी. घरातल्या काचेच्या टाकीत मात्र आई आणि पिल्लं एकाच दोन फुटांत अडकतात. ही अडचण आपण केलेली आहे, त्यामुळे ती सोडवायचीही आपणच.

कशी सोडवायची, ते सांगतेच. पण त्याआधी थोडं लांब जाऊन येऊ.

मुंबई इंडियन्सकडून खेळलेला क्रिकेटपटू कायरन पोलार्ड आठवतोय ना? तो ज्या बेटावरचा, त्या त्रिनिदादच्या ओढ्यांमध्ये गप्पी मासे मूळचे राहतात. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातही ते सापडतात. त्रिनिदादच्या उत्तरेला डोंगररांग आहे आणि तिथल्या ओढ्यांना जागोजागी धबधबे आहेत. धबधब्याच्या खालच्या पाण्यात गप्पींना खाणारे मोठे मासे असतात. ते धबधबा चढून वर जाऊ शकत नाहीत. त्यामुळे वरच्या पाण्यात फक्त एक छोटा शिकारी मासा असतो, आणि तो सहसा लहान पिल्लंच पकडतो. म्हणजे एकाच ओढ्यात खाली धोक्याची वस्ती आणि वर बऱ्यापैकी निवांत वस्ती.

शास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या गप्पी आयांची पिल्लं मोजली. खालच्या, धोक्याच्या पाण्यातल्या आया लवकर मोठ्या होतात आणि पुष्कळ पण छोटी पिल्लं देतात. वरच्या पाण्यातल्या आया उशिरा मोठ्या होतात, कमी पिल्लं देतात, पण प्रत्येक पिल्लू अंगाने मोठं असतं.

असं का होत असेल? उत्तर सापडलं ते जॉन एंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९७६ साली सुरू केलेल्या एका भन्नाट प्रयोगातून. धोक्याच्या पाण्यातले गप्पी उचलून त्याने ओढ्याच्या अशा भागात सोडले, जिथे आधी गप्पी नव्हते आणि मोठे शिकारी मासेही नव्हते. मग वाट बघायची! काही काळातच तिथले नर जास्त भडक, जास्त ठिपक्यांचे दिसायला लागले, कारण आता रंग दाखवला तरी कुणी पटकन गिळणार नव्हतं. अकरा वर्षांनंतरच्या तपासणीत शास्त्रज्ञ डेव्हिड रेझनिक आणि त्याच्या सोबत्यांना दिसलं की तिथल्या आयाही बदलल्या होत्या. त्यांच्या पणत्यांच्या पणत्या कमी पण मोठी पिल्लं देत होत्या. हे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. उत्क्रांती म्हटलं की आपल्याला डायनोसॉर आणि कोट्यवधी वर्षं आठवतात. इथे ती एका शास्त्रज्ञाच्या हयातीत, एका ओढ्यात, मोजपट्टीने मोजता आली. मला तर हा प्रयोग विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो.

यातून आपल्या टाकीसाठी काय कळलं? प्रत्येक आईजवळ ताकद ठरावीक असते. ती एक तर पुष्कळ पिल्लांना थोडी थोडी शिदोरी बांधून देऊ शकते, नाही तर थोड्या पिल्लांना भरपूर. माशाच्या अंड्यात पिवळा बलक असतो, तीच ही शिदोरी. कुणाची शिदोरी दोन दिवसांत संपते, कुणाची जरा जास्त पुरते. काही मासे शिदोरीशिवाय राखणही करतात. आईबाबांनी काय दिलं आणि काय दिलं नाही, हे एकदा समजलं की पिल्लांसाठी आपण काय करायचं तेही समजतं.

झेब्रा माशाचं बघा. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हा चपळ मासा मूळचा आपल्याच उपखंडातला, गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली त्याचं वर्णन लिहिलं. झेब्राची मादी सकाळी उजेड पडता पडता शेकडो अंडी टाकते. ती अंडी तळाला जातात, आणि लगेच वळून आईबाबाच ती खायला लागतात! म्हणून मासे पाळणारी माणसं एक छान युक्ती करतात. टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्या पसरतात. अंडी गोट्यांच्या फटींत घसरून पडतात आणि मोठ्या माशांची तोंडं तिथवर पोहोचत नाहीत. मग मोठ्या माशांना काढून दुसरीकडे ठेवायचं. झेब्राचं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं. साध्या भिंगातून बघितलं तर साधारण एका दिवसाच्या अंड्यात हृदयाचे ठोके पडताना दिसतात! दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि पाचव्या दिवसाच्या आसपास पोहत खाणं शोधायला लागतं. या पारदर्शकपणामुळेच मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयसर अशा ठिकाणी शास्त्रज्ञ झेब्रा मासे पाळतात. जिवंत शरीर आतून कसं घडतं ते त्यांना बघता येतं.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. नदीवर किंवा धरणावर गेलात तर चिलापी मासा बघितला असेल. त्यातली मोझांबिक चिलापी ही जात १९५२ साली बाहेरून आपल्या देशात आणली गेली. या चिलापीची आई अंडी घातल्यावर ती तोंडात उचलून घेते. अंडी तोंडात, त्यातून निघालेली पिल्लंही तोंडात! पिल्लं पोहायला लागल्यावरसुद्धा धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. तेवढे दिवस ती जवळजवळ काही खात नाही. फायटर माशात हे काम बाबांचं. नर पाण्याच्या वर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, अंडी त्यात ठेवतो, आणि एखादं अंडं किंवा पिल्लू निसटून खाली पडलं तर तोंडात धरून पुन्हा वर नेऊन ठेवतो. मादी जवळ आली तर तिलाही हाकलतो. पण पिल्लं नीट आडवी पोहायला लागली की त्याचं काम संपलं, आणि मग त्यालाही बाजूला काढावं लागतं. अ‍ॅमेझॉनच्या डिस्कस माशाची तर कमालच आहे. त्याची पिल्लं सुरुवातीला आई आणि बाबा दोघांच्याही अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात.

आणि आपली गप्पी? ती पिल्लाला चांगलं मोठं, पोहणारं, खाणारं करूनच जन्माला घालते. राखण मात्र शून्य. म्हणून गप्पीचं पिल्लू वाढवणं नवशिक्याला जमण्यासारखं आहे. राखण आपण करायची.

राखणीचं पहिलं काम म्हणजे लपायला जागा. दुकानात त्यासाठी प्लॅस्टिकची एक छोटी पेटी मिळते. पोटुशी मासोळी त्यात ठेवायची, पिल्लं फटीतून खाली पडतात. मला ही पेटी आवडत नाही. जागा इतकी अरुंद असते की मासोळी घाबरून आपटत राहते, आणि आत पाणीही नीट खेळत नाही. त्यापेक्षा वनस्पती लावा! जावा मॉसचा भरगच्च गुच्छ, हायड्रिला, नाही तर पाण्यावर तरंगत्या वनस्पती, ज्यांची मुळं खाली लोंबतात. मोठ्या माशाचं अंग त्या दाटीत शिरत नाही, पिल्लाचं शिरतं. टाकीचा एक कोपरा तरी इतका दाट हवा की पलीकडची काच दिसता कामा नये. वनस्पतींचा दुसरा फायदा तर लपण्याहून मोठा आहे. त्यांच्या पानांवर सूक्ष्म जीवांचा आणि शेवाळाचा पातळ थर जमतो आणि पिल्लं दिवसभर तो टिपत राहतात. तुम्ही शाळेत असताना डबा कोण देणार, हा प्रश्न असा अर्धा सुटतो.

जास्तीत जास्त पिल्लं वाचवायची असतील तर पंधरा-वीस लिटरची वेगळी टाकी लावा. पण जाळीने पिल्लं पकडू नका. त्यांची अंगं फार नाजूक असतात आणि जाळीत अडकली की पर फाटतात. एक कप किंवा वाटी पाण्यात हळूच बुडवा, पिल्लू पाण्यासकट आत येऊ द्या, आणि तसंच दुसऱ्या टाकीत नेऊन सोडा.

दुसरं काम खाण्याचं. नियम सोपा आहे: पिल्लाच्या डोळ्याहून मोठा घास नको. मोठ्या माशांचं फ्लेक्सचं खाणं दोन बोटांत चोळून त्याची अगदी भुकटी करा आणि चिमटीभर नाही, चिमटीतली चिमटी टाका. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी थोडंसं. पिल्लाचं पोट फार छोटं असतं. एकदम भरपूर टाकलंत तरी ते एकदम खाऊ शकत नाही, आणि उरलेलं तळाशी कुजतं. काही जण उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देतात. पिल्लं तो आवडीने खातात, पण पाणी इतक्या लवकर खराब होतं की पहिल्यांदाच पिल्लं वाढवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

आणि आता सांगते ते खाणं, जे बघितल्यावर तुम्ही माशांना विसरून त्याच्याच मागे लागाल. त्याचं नाव आर्टेमिया.

माशांच्या दुकानात एक छोटी डबी मिळते. उघडली की आत तपकिरी पूड दिसते, कोरडी ठणठणीत. ती पूड म्हणजे खाऱ्या तळ्यांत राहणाऱ्या आर्टेमिया या कोळंबीच्या लांबच्या नातेवाइकाची अंडी. म्हणायला अंडी, पण खरं तर प्रत्येक कणात एक पिल्लू अर्धवट वाढून थांबलेलं असतं. तळं आटायला लागलं, मीठ वाढलं की मादी असं कवचबंद पिल्लू बाहेर टाकते. त्यातलं जवळजवळ सगळं पाणी निघून जातं आणि ट्रेहॅलोज नावाची साखर त्याच्या पेशींना मोडू देत नाही. श्वास नाही, हालचाल नाही, वाढ नाही. असं ते वर्षानुवर्षं राहू शकतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक नावाचं प्रचंड खारं तळं आहे. तिथून ही अंडी गोळा होऊन जगभर जातात. आपल्या मुंबईच्या मिठागरांमध्येही आर्टेमिया सापडल्याची नोंद आहे.

घरी उबवायची रीत अशी. मोठ्या कुणाला तरी सोबत घ्या. एक लिटर पाण्यात साधारण पंचवीस ग्रॅम जाडं मीठ विरघळवा. प्लॅस्टिकच्या बाटलीत ते पाणी भरा, एअर पंपाची नळी पार तळापर्यंत सोडा म्हणजे पाणी सतत ढवळत राहील. पाव चमचा अंडी टाका आणि बाटलीजवळ दिवा लावून ठेवा. पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस असलं की साधारण चोवीस ते छत्तीस तासांत पाण्याचा रंग बदलतो. तपकिरीचं नारिंगी होतं! भिंग घ्या आणि बघा. जेमतेम अर्धा मिलिमीटरचे नारिंगी जीव झटके देत पोहत असतात. प्रत्येकाला एकच डोळा, बरोबर कपाळाच्या मध्यावर. काल ती पूड होती!

आता पंप बंद करा आणि बाटलीच्या खालच्या बाजूला एकीकडून टॉर्च लावा. रिकामी कवचं वर तरंगतात, न उबलेली अंडी खाली बसतात आणि जिवंत आर्टेमिया उजेडाकडे गोळा होतात. तिथे बारीक नळी लावून त्यांना ओढून घ्या, तलम कापडातून गाळा आणि गोड्या पाण्याने धुवा, म्हणजे मीठ टाकीत जाणार नाही. मग थोडे थोडे पिल्लांच्या टाकीत सोडा. उबल्यावर लगेच द्या, कारण त्यांचीही शिदोरी तासागणिक संपत असते आणि जितका उशीर कराल तितकं पिल्लाला पोषण कमी मिळतं.

पिल्लं काय करतात ते बघाच. हलणारं काही दिसलं की अंग इंग्रजी 'एस'सारखं वाकवायचं, नेम धरायचा आणि झेप! गप्पीचं पिल्लू अर्धपारदर्शक असतं, त्यामुळे पाच मिनिटांत सगळ्यांची पोटं बाहेरूनच नारिंगी दिसायला लागतात. कोण जेवलं आणि कोण उपाशी राहिलं, हे विचारायची गरजच नाही.

झेब्रा किंवा फायटरच्या पिल्लांची तोंडं मात्र इतकी लहान असतात की सुरुवातीला त्यांना आर्टेमियाही मोठा पडतो. त्यांच्यासाठी पॅरामेशियमसारखे सूक्ष्म जीव वाढवावे लागतात. बरणीत टाकीतलंच पाणी घ्यायचं, त्यात उकडलेलं कोबीचं पान किंवा केळ्याच्या सालीचा तुकडा टाकायचा आणि उजेडात ठेवायचं. आधी पाणी गढूळ होतं, वास मारतं. मग काही दिवसांनी निवळायला लागतं. गढूळ असतं तेव्हा त्यात जिवाणू माजलेले असतात. निवळतं, कारण त्या जिवाणूंना खाणारे सूक्ष्म जीव वाढलेले असतात. तेच पाणी ड्रॉपरने थोडं थोडं द्यायचं. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर यातला एक थेंब नक्की बघा.

तिसरं काम पाण्याचं, आणि हे जरा मन लावून वाचा, कारण पिल्लं उपासमारीने मरतात त्याहून जास्त ती पाण्याने मरतात. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी अगदी स्वच्छ वाटतं, पण पिल्लांचे कल्ले भाजून निघतात. सुदैवाने टाकीत काही जिवाणू असतात, जे अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मात्र थोड्या प्रमाणात चालतं आणि वनस्पती ते खत म्हणून घेतात. हे उपकारी जिवाणू राहतात कुठे? फिल्टरच्या स्पंजमध्ये, वाळूवर, पानांवर. नव्या, चकचकीत टाकीत ते नसतातच. म्हणून पिल्लांची टाकी लावताना जुन्या टाकीतला चालू स्पंज फिल्टर आणि थोडं जुनं पाणी वापरा. स्पंज फिल्टरच हवा, दुसरा जोरदार फिल्टर पिल्लांना आत ओढून घेतो. स्पंज मळला तर नळाखाली धरू नका, क्लोरीनने जिवाणू मरतील. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-तीनदा पिळायचा.

पाणी रोज किंवा दिवसाआड थोडं थोडं बदलायचं, दहा भागांतला एक किंवा दोन भाग. एअर पंपाची बारीक नळी घ्या, पाण्यातल्या टोकाला तलम कापड बांधा म्हणजे पिल्लू ओढलं जाणार नाही, आणि तळाचा कचरा ओढून काढा. काढलेलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या आणि फेकण्याआधी बादलीत नीट बघा. एखादं पिल्लू तरीही आलेलं असतंच! नवं पाणी भरायचं ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवलेलं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. ते टाकीइतकंच कोमट आहे ना, हे हात घालून बघा. पिल्लांना २४ ते २८ अंश पाणी मानवतं. आपल्याकडे वर्षातला बराच काळ तेवढं आपोआप असतं, पण नाशिक किंवा नागपूरच्या डिसेंबरात हीटर लागतोच. काढलेलं पाणी कुंडीतल्या झाडांना घाला, नायट्रेटमुळे झाडं खूश होतात.

एवढं केलंत की मग बघण्याची मजा. टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून आलेखाचा कागद चिकटवा. पिल्लू त्याच्यासमोर, काचेला लागून पोहलं की मिलिमीटरचे चौकोन मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. एकाच दिवशी जन्मलेली भावंडंसुद्धा सारखी वाढत नाहीत. काही धीट असतात आणि खाणं पडताच वर येतात. काही मॉसमध्ये दबून राहतात आणि मागे पडतात. तुमच्या वहीत हे आपोआप उमटेल.

तीन-चार आठवडे झाले की पोटाखालच्या पराकडे लक्ष द्या. मादीचा तो पर त्रिकोणीच राहतो. नराचा हळूहळू अरुंद, टोकदार होत जाऊन काडीसारखा बनतो. त्यानंतर नराच्या शेपटीवर रंग चढायला लागतात. हा बदल दिसायला लागला की नर आणि माद्या वेगळ्या टाक्यांत ठेवा, नाही तर अजून पुरती न वाढलेली मादीच पोटुशी राहील.

पिल्लं फार झाली तर मित्रांना द्या, किंवा माशांच्या दुकानात विचारा, पुष्कळ दुकानदार घेतात. गप्पी डासांच्या अळ्या खातात म्हणून नगरपालिकांचे मलेरिया विभाग ते बंद टाक्यांत आणि कारंज्यांत सोडतात. त्यांनाही विचारून बघा. पण नदीत, ओढ्यात, तळ्यात तुम्ही स्वतः एकही पिल्लू सोडू नका, कितीही दया आली तरी. गप्पी आपल्याकडचा नाही आणि तो झपाट्याने वाढतो. सह्याद्रीच्या ओढ्यांमध्ये असे छोटे मासे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. त्यांचं खाणं आणि त्यांची अंडी पाहुण्यांनी फस्त केली तर ते पुन्हा कुठून आणणार?

एक गंमत सांगायची राहिली. समजा तुम्ही दुकानातून एकच गप्पी मादी आणली. टाकीत नर नाही. तरी महिन्याभरात पिल्लं! पुढच्या महिन्यात पुन्हा पिल्लं! जादू वाटते, पण जादू नाही. गप्पीची मादी नराकडून मिळालेले शुक्राणू शरीरात कित्येक महिने जपून ठेवते आणि एकदा नर भेटला की त्यावर अनेक वेळा पिल्लं देते. म्हणून मासे आणायला जाल तेव्हा मादी एकटी आणायची असली, तरी जावा मॉसचा गुच्छ तिच्याबरोबरच घेऊन या.